सोळा महिन्यांचा गोल्डन शिकलेलं विसरतोय, एमआरआय करावा का?

ताळेबंद (कर्वेनगर)

नमस्कार. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचा बंड्या. गोल्डन रिट्रीव्हर, नर, १६ महिने. वर्षाचा होईपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नव्हती. 'बस', 'थांब', 'हात दे' सगळं यायचं. सासूबाईंनी तर त्याला देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायला शिकवलं होतं, आणि नैवेद्याचा वास आला तरी हा पठ्ठ्या उंबरा ओलांडायचा नाही.

गणपती झाले आणि हळूहळू बिनसायला लागलं. आधी जिना उतरताना पाय चुकायला लागला, तेही दिवेलागणीनंतरच. सोसायटीचा जिना अंधारा आहे म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग घरात शू व्हायला लागली, दार उघडं असलं तरी. मग डायनिंग टेबलाभोवती चकरा, कधी उजवीकडून कधी डावीकडून, थांबवलं नाही तर थांबतच नाही. 'हात दे' म्हटलं की कान टवकारतो, माझ्याकडे बघतो आणि बघतच राहतो. वाटीत तोंड घालताना डोकं बारीक थरथरतं. उभा राहताना मागचे पाय फाकलेले. फिट एकदाही आलेली नाही. खाणं उत्तम. लसी वेळेवर, पुस्तक माझ्याकडे आहे, शिक्क्यांसकट.

पहिल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं आणि 'वयात येतोय, होतं असं' म्हणाले. दुसऱ्यांनी तपासायला बराच वेळ घेतला आणि मेंदूचा एमआरआय करा म्हणाले. 'आनुवंशिक असू शकतं' असंही म्हणाले. तो शब्द ऐकल्यापासून झोप उडाली आहे, कारण त्याचा सख्खा भाऊ टायगर माझ्या नणंदेकडे सांगलीला आहे. टायगर ठणठणीत आहे, आणि वन्सं येत्या उन्हाळ्यात त्याची मेटिंग करायच्या विचारात आहेत. दोन्ही पिल्लं पिंपरीकडच्या एका गृहस्थांकडून घेतली होती. त्यांना फोन केला तर 'आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही' म्हणून ठेवून दिला.

एमआरआयचा खर्च पाच आकडी सांगितलाय. खर्चाला ना नाही, पण मी कर सल्लागार आहे, पावतीवर काय मिळणार ते आधी विचारायची सवय आहे. एमआरआयमध्ये नेमकं काय दिसतं? आनुवंशिक आहे हे फोटोवरून कळतं का? आणि भूल द्यावी लागते म्हणे, ती त्याला झेपेल का?

तळजाई ग्रुप

ताई, आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एका लॅबला असंच झालं होतं, डिस्टेंपर निघाला, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार. लस दिलेली असली तरी एकदा ती टेस्ट करून घ्या. शिवाय एमआरआयपेक्षा सीटी स्कॅन स्वस्त पडतो आणि पाच-दहा मिनिटांत होतो. तोच का नाही करत?

गोचीड (कोथरूड)

मी पशुवैद्य आहे. बंड्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं इतक्यापुरतंच.

ताई, तुमच्या लिहिण्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य सांगू? 'कधी उजवीकडून कधी डावीकडून.' मेंदूत एका बाजूला गाठ, सूज किंवा मार असेल तर कुत्रं बहुतेक वेळा एकाच बाजूला वळत राहतं. दोन्हीकडे वळणारं, शिकलेलं विसरणारं, मध्येच हरवल्यासारखं उभं राहणारं तरुण कुत्रं म्हणजे बिघाड दोन्ही अर्ध्यांत सारखा असावा अशी शंका येते. त्यात डोक्याची थरथर आणि फाकलेले पाय, म्हणजे तोल सांभाळणारा लहान मेंदूही सुटलेला नाही. एकच जखम एवढ्या सगळ्या जागी बसत नाही. आणि हे महिनोन्‌महिने, पायरी-पायरीने चाललंय. रेबीज असता तर एव्हाना कधीच निकाल लागला असता, त्याची लक्षणं दिसू लागल्यावर कुत्रं साधारण दहा दिवसही काढत नाही. (हे मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडे वागणं बदललेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा विचार सगळ्यात आधी करायचाच असतो.)

तळजाईकर, डिस्टेंपरचा मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडे तरुण कुत्र्याच्या मेंदूत काही झालं तर तो यादीत वरच असतो. त्यात बऱ्याचदा एखादा पाय किंवा जबडा तालात उडत राहतो, झोपेतसुद्धा. बंड्याला तसं होतं का, ते ताईंनी तो झोपलेला असताना बघावं. पण सीटीचं पटत नाही. हाड, ताजा रक्तस्राव, मेंदूत साठलेलं पाणी यासाठी सीटी चांगला. मेंदूतला पांढरा (तंतूंचा) आणि करडा (पेशींचा) भाग वेगळा करून दाखवणं हे त्याचं काम नव्हे. कवटीच्या मागच्या जाड हाडामुळे लहान मेंदूच्या चित्रात पट्टे येतात ते वेगळंच. स्वस्त चित्र काढून परत महागडं काढावं लागलं तर स्वस्त कुठलं?

आता मशीनकडे जायच्या आधीचं. घरी दोन व्हिडिओ काढा. खुर्च्या-बादल्यांच्या मधून त्याला चालवा, एकदा भर उजेडात, एकदा दिवे घालवून. डॉक्टरांना डोळ्यांजवळ हात नेल्यावर तो पापणी मिटतो का, आणि टॉर्च मारल्यावर बाहुली आकसते का, हे दोन्ही बघायला सांगा. बाहुली आकसते पण दिसत नाही असं निघालं, तर बहुधा डोळा ठीक आहे आणि घोटाळा मेंदूच्या मागच्या भागात आहे. इथे एक खोच आहे. लहान मेंदू बिघडला तरी पापणी मिटत नाही, दिसत असूनसुद्धा. म्हणून त्याच्यासमोर कापसाचा बोळा सोडायचा आणि नजर त्याच्यामागे जाते का ते बघायचं. फुकटची तपासणी आहे, आणि निम्मी दिशा त्यातून कळते.

रक्तात साखर, अमोनिया आणि बाइल ॲसिड (यकृताचं काम दाखवणारी तपासणी) करा. बाइल ॲसिड उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा. जन्मजात शंट असेल तर आतड्याकडून आलेलं रक्त यकृताला टाळून परस्पर पुढे जातं, त्यातली घाण मेंदूपर्यंत पोचते आणि तरुण कुत्रं असंच भरकटतं, बहुधा जेवणानंतर जास्त. मोठ्या जातींत, त्यात गोल्डनही आले, हा शंट यकृताच्या आत सापडतो. त्यावर इलाज आहेत, म्हणून तो सुटता कामा नये. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल आणि हा दारांचा रंग चावत असेल तर शिसंही तपासायला सांगितलं असतं, पण तुम्ही कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आहात. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल बरेच दिवस चाललं होतं का, तेही आठवून बघा.

हे का विचारलं ते एमआरआयशीच निगडित आहे. डावीकडे आणि उजवीकडे, त्याच जागी, तेवढाच बदल दिसला की आमच्या डोक्यात चयापचयाचे, विषबाधेचे आणि आनुवंशिक आजार येतात. एकीकडे जास्त, कडा वेड्यावाकड्या, कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं, डाग उठून दाखवणारं औषध) शोषून घेणारा डाग दिसला की जंतुसंसर्ग, सूज किंवा गाठ. पण जुळे बदल म्हणजे आनुवंशिकच असं मात्र नाही! मेट्रोनिडाझोलचा डोस जास्त झाला तर लहान मेंदूच्या केंद्रकांत (चेतापेशींच्या पुंजक्यांत) दोन्हीकडे अगदी सारख्या खुणा उमटतात आणि औषध थांबवलं की कुत्रं सावरतं. थायमिन, म्हणजे बी-१, कमी पडलं तरी मेंदूच्या तळाशी जुळे डाग येतात. कच्च्या माशातलं एक द्रव्य थायमिन मोडून टाकतं. त्यामुळे फोटो बघण्याआधी कुत्र्याच्या ताटलीत काय असतं ते विचारावंच लागतं.

खऱ्या आनुवंशिक आजारांत मात्र जात, वय आणि जागा यांची सांगड बसते. वेस्ट हायलंड आणि केर्न टेरियरमध्ये पिल्लू दोन ते सहा महिन्यांचं असतानाच लटपटायला लागतं आणि मेंदूचा पांढरा भाग दोन्हीकडे उजळलेला दिसतो. माणसांच्या बाळांत यालाच क्राबे म्हणतात. स्टॅफर्डशायर बुल टेरियरमध्ये उलट, करड्या भागात, म्हणजे थॅलॅमस वगैरे खोल केंद्रकांत उजळपणा असतो, आणि तिथे लघवीतल्या एका आम्लाची तपासणी नाव पक्कं करते. अलास्कन हस्कीत थॅलॅमसमध्ये दोन्हीकडे चक्क पोकळ्या दिसतात, बी-१ पेशीत नेणाऱ्या प्रथिनाच्या जीनमधल्या दोषामुळे. (अवांतर: आपल्याकडे एसी लावून ठेवतात ते सायबेरियन. ते निराळे.)

आणि गोल्डन. गोल्डनमध्ये सीएलएन-५ नावाच्या जीनमधला एक दोष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉर्डर कोलीत याच जीनमधला वेगळा दोष त्याआधीच, २००५ मध्ये सापडला होता. आजाराचं नाव न्यूरोनल सेरॉइड लायपोफुसिनोसिस, आम्ही एनसीएल म्हणतो. पेशीत रोजचा कचरा मोडून परत वापरात आणणारी लायसोसोम नावाची यंत्रणा असते. घंटागाडी यायची बंद झाली तर आठवड्यात गल्लीचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. चेतापेशीत तेच होतं, मग पेशी मरतात आणि मेंदू आकसत जातो. गोल्डनमध्ये सुरुवात साधारण १३ महिन्यांपासून होते: तोल जाणं, थरथर, शिकलेलं आणि घरातल्या सवयी विसरणं, चकरा, अस्वस्थपणा, नजर कमी होणं. तुमचं वर्णन वाचताना मला हेच आठवलं, म्हणून एवढं लिहिलं. ते चुकीचं ठरलं तर मला आनंदच होईल.

तुमच्या पावतीच्या प्रश्नाचं उत्तर: आनुवंशिक आहे हे एमआरआय सिद्ध करत नाही. तो जागा आणि स्वरूप दाखवतो, आणि इलाज होण्यासारखं काही सुटत नाही ना ते बघतो. नाव लागतं ते डीएनएने. मी असतो तर आजच दोन मिली रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) बाटलीत काढून सीएलएन-५ साठी पाठवलं असतं आणि त्याचा निकाल येईपर्यंत बाकीचं सुरू ठेवलं असतं. ते एमआरआयच्या मानाने फारच स्वस्त पडतं, आणि भूल लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, टेस्ट 'क्लिअर' आली तर तो एक दोष नाही एवढंच कळतं. दुसरा कुठला आनुवंशिक आजार नाही असं त्यातून निघत नाही.

काळी फिल्म

मी माणसांची रेडिओलॉजिस्ट. कुत्र्यांचे स्कॅन वाचायची वेळ येते ती ओळखीपाळखीतून, रात्री माणसांची यादी संपल्यावर. डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात मशीनकडून थोडी भर घालते.

ताळेबंद, 'एमआरआय' हा एक फोटो नसतो. टी-टू चित्रात पाणी पांढरं दिसतं, आणि आजारी भागात बहुतेक वेळा पाणी वाढलेलं असतं, म्हणून तो उजळतो. पण मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणीही पांढरंच, त्यामुळे त्यांच्या काठावरचा डाग लपतो. मग फ्लेअर घेतात, त्यात ते मोकळं पाणी काळं पडतं आणि डाग उरतो. टी-वन रचनेसाठी. शेवटी गॅडोलिनियम, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, टोचून परत टी-वन. रक्त आणि मेंदूमधली भिंत जिथे फुटली असेल तिथे ते झिरपतं. दाहात आणि गाठीत झिरपतं. डॉक्टर म्हणतात तसल्या साठवणुकीच्या आजारांत सहसा नाही. कॉन्ट्रास्टचे पैसे वाचवू नका, 'दाह नाही' हे म्हणायला तोच लागतो.

एनसीएलमध्ये चमकदार डाग शोधू नका. तिथे दिसतं ते रिकामपण. पोकळ्या रुंदावलेल्या, मेंदूच्या घड्यांमधल्या फटी वाढलेल्या, लहान मेंदूची पानं सुटी सुटी, दोन थॅलॅमसना जोडणारा मधला भाग बारीक झालेला. या शेवटच्या जागेची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते, म्हणून मला ती आवडते. 'जरा मोठं वाटतंय' यावर माझा विश्वास नाही.

आणि इथेच फसगत होते. कुत्र्यांत बाजूच्या पोकळ्या थोड्या मोठ्या किंवा एक मोठी एक लहान असणं, विशेषतः चपट्या नाकाच्या आणि छोट्या जातींत, निरोगी कुत्र्यातही दिसतं. रोज माणसं बघणाऱ्या माझ्यासारखीने त्यावर घाईत 'हायड्रोसेफॅलस' (मेंदूत पाणी साठणं) लिहून टाकलं की घरचे घाबरतात. लहान पिल्लांत आणखी एक गोष्ट. पहिल्या काही आठवड्यांत मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन पुरतं झालेलं नसतं, त्यामुळे पांढऱ्या-करड्या भागाची चमक मोठ्या कुत्र्याच्या उलटी असते. त्या वयात 'सगळा पांढरा भाग उजळ' हे आजार नसून वय असू शकतं. बंड्या १६ महिन्यांचा, त्याला ही अडचण नाही. पण आजार अगदी सुरुवातीला असेल तर त्याचाही स्कॅन जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. तसं झालं तर 'काही नाही' म्हणून निश्चिंत होऊ नका.

कुठेही करा, पण फोनवर हे विचारा: मशीन किती टेस्लाचं, म्हणजे चुंबक किती ताकदीचं? १.५ असेल तर उत्तम. ०.३ वगैरे असेल तर बारीक केंद्रकं धूसर येतात आणि वेळ जास्त लागतो. कुठली कॉइल, म्हणजे अवयवाभोवती बसवायचं संदेश टिपणारं साधन, वापरणार? कुत्र्याच्या डोक्याला बऱ्याचदा माणसाच्या गुडघ्याची कॉइल नीट बसते, हसू नका, खरंच. फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक देणार का? म्हणजे दुसऱ्या कुणाला मूळ चित्रं दाखवता येतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भूल देणारा माणूस पूर्ण वेळ खोलीत किंवा काचेपलीकडे त्याच्यासाठीच बसणार का? स्कॅनला पाऊण तास ते तास-सव्वा तास जातो आणि तेवढा वेळ तो जराही हलून चालत नाही, म्हणून पूर्ण भूल. नळी घातलेली, प्राणवायू सुरू, ऑक्सिजन आणि ठोके दाखवणारा मॉनिटर चुंबकाजवळ चालणारा. साधा सिलिंडर त्या खोलीत नेला तर उडत जाऊन मशीनवर आदळतो. पट्टा, साखळी काढून ठेवा. मानेत मायक्रोचिप असेल तर सांगा, तिच्याभोवती चित्र काळवंडतं. मेंदूला फरक पडत नाही, मानेला पडतो. तुम्ही आत जाणार असाल तर मंगळसूत्रही बाहेर.

पाठीतलं पाणी काढायचं ठरलं तर ते स्कॅन बघितल्यावर, आधी नाही. आत दाब वाढलेला असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकू शकतो.

बीगलची आजी (सहकारनगर)

ताळेबंद, मी शास्त्र लिहिणार नाही, ते वर दोघांनी छान लिहिलंय. तुला 'आनुवंशिक' शब्दाने झोप येत नाही म्हणालीस म्हणून लिहिते.

आमची चिमणी, बीगल, चालायला लागली तीच वेडीवाकडी. पाय उंच उचलून टाकायची, वाटीवर नेम धरायची आणि वाटीच्या पलीकडे तोंड जायचं. सुनेला वाटलं पडली असेल. एमआरआयमध्ये लहान मेंदू जरा आखडलेला दिसला, बाकी मेंदू स्वच्छ. मग डीएनए केलं, बीगलमध्ये एसपीटीबीएन-२ म्हणून एक जीन आहे, त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, हे आहे ते असं राहील, फार वाढणार नाही. तशीच आहे अजून. आम्ही विट्रिफाइड फरशीवर योगा मॅट टाकल्यात, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत. जिन्याला दार केलं. वाटी जड पितळेची, ढकलली तरी सरकत नाही. पोळीच्या वेळेला तिचा नेम कसा चुकत नाही हे मला अजून समजलेलं नाही.

सांगायचं एवढंच की हा एक शब्द अनेक आजारांना लावतात. काही थांबलेले असतात, काही पुढे पुढे जातात. तुझ्या पोराचं जाणारं वाटतंय, खोटा धीर देत नाही. पण कुठलं ते नाव कळलं की काय करायचं ते ठरवता येतं. आम्हाला तरी आलं.

ताळेबंद (कर्वेनगर)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये मार्च एंडही येऊन गेला.

गोचीड डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानेच गेलो. साखर, अमोनिया, दोन्ही बाइल ॲसिड नॉर्मल. डिस्टेंपर नाही. मेट्रोनिडाझोल कधी दिलेलं नव्हतं, मासे आमच्याकडे शिजत नाहीत. झोपेत पाय उडत नाही. कापसाचा बोळा टाकला तर उजेडात नजर जाते, संध्याकाळी जात नाही. डीएनएचा नमुना लगेच पाठवला. पण निकालाला आठवडे लागणार होते आणि त्याचं चालणं खालावत होतं, म्हणून एमआरआय केला. दाह असता तर तेवढे आठवडे फुकट गेले असते, हा विचार केला.

काळी फिल्म, तुमचे प्रश्न फोनवर विचारले. एका ठिकाणी 'भूल आमचा टेक्निशियनच देतो' म्हणाले, तिथे गेलो नाही. जिथे गेलो तिथे भूलतज्ज्ञ पशुवैद्य संपूर्ण वेळ काचेपलीकडे बसल्या होत्या. मशीन १.५ टेस्लाचं. शुद्धीवर यायला त्याला वेळ लागला, रात्रभर कण्हत होता, सकाळी पोळी खाल्ली.

रिपोर्टमधलं जसंच्या तसं मराठीत सांगते: दोन्ही बाजूच्या पोकळ्या सारख्याच रुंदावलेल्या, मेंदूच्या घड्यांमधल्या फटी वाढलेल्या, लहान मेंदूतही तेच, मधला जोड बारीक, कॉन्ट्रास्ट कुठेही झिरपलेलं नाही, डाग नाही. 'साठवणुकीचा किंवा झिजेचा आजार विचारात घ्यावा, लक्षणांशी पडताळून पाहावे.' शेवटचं वाक्य आमच्या धंद्यात आम्हीही लिहितो, का लिहितो तेही माहीत आहे.

डीएनए परवा आलं. सीएलएन-५, दोन्ही प्रती सदोष.

आता दोन प्रश्न उरलेत. त्याच्यासाठी काही करता येतं का? आणि टायगरचं काय? वन्संना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, 'आमचा तर धडधाकट आहे गं, त्याला कशाला सुया टोचायच्या?' त्या वयाने मोठ्या, मी जास्त बोलू शकत नाही. आकडे दिलेत तर आकड्यांनी बोलेन.

काळी फिल्म

वाईट वाटलं वाचून. मधल्या जोडाची जाडी रिपोर्टमध्ये आकड्यात दिली आहे का? सीडी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी मोजून सांगते. आता निदान बदलणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांच्या फाइलला उपयोग होईल.

एक सांगते. माणसांच्या मुलांतही हाच आजारांचा गट आहे, बॅटन म्हणतात. त्यातल्या सीएलएन-२ प्रकारासाठी मेंदूत थेट सोडायचं एन्झाइम अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं, आणि त्याची वाट डॅशहुंड कुत्र्यांवरच्या कामातून गेली आहे. बंड्याच्या प्रकारासाठी दवाखान्यात मिळेल असं औषध नाही, तेव्हा कुणी 'स्टेम सेल' वगैरे विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

गोचीड (कोथरूड)

ताई, बंड्याचं आधी. आजार थांबवणारं औषध नाही. या आजाराचे गोल्डन साधारण दोन ते तीन वर्षांच्या वयात अशा अवस्थेला येतात की डॉक्टर आणि घरचे मिळून निरोपाचा विचार करतात. मधला काळ बरा जावा यासाठी बरंच करता येतं. फर्निचर हलवू नका, त्याच्या डोक्यातला नकाशा तोच राहू द्या. संध्याकाळी घरात दिवे लवकर लावा. आजींनी सांगितलेल्या मॅट टाका. फिरणं उजेडात आणि नेहमीच्याच रस्त्याने. फिट येऊ शकते, आली तर वेळ बघा, व्हिडिओ काढा, तोंडात हात घालू नका. पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा एका दिवसात दुसरी आली तर तडक दवाखाना. त्यासाठी फेनोबार्बिटोन किंवा लेव्हेटिरासेटम असतं, ते त्याचे डॉक्टर ठरवतील. देवघराचा उंबरा ओलांडला तर सासूबाईंना सांगा, रागवू नका म्हणावं.

आता वन्संसाठी आकडे. आजार व्हायला दोन सदोष प्रती लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे पिंपरीच्या त्या गृहस्थांची दोन्ही कुत्री दिसायला ठणठणीत असली तरी दोघंही कॅरियर आहेत, म्हणजे एकच प्रत सदोष, स्वतःला आजार नाही पण पिल्लांना देऊ शकतात. 'आमच्या लाइनमध्ये नाही' हे वाक्य बंड्याच्या रिपोर्टने निकालात काढलं. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के, कॅरियर असण्याची ५० टक्के, पूर्ण क्लिअर असण्याची २५ टक्के. टायगर १६ महिन्यांचा होऊन गेला आणि काही लक्षण नाही, म्हणजे आजारी नसावा असं धरू. मग उरलेल्या तीन वाट्यांपैकी दोन कॅरियरचे. तो कॅरियर असण्याची शक्यता दोन-तृतीयांश! धडधाकट दिसणं हा इथे पुरावाच नाही, कॅरियर आयुष्यभर धडधाकटच असतो.

कॅरियर निघाला तर त्याला काही होणार नाही, हे वन्संना पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर पुढचं ऐकणार नाहीत. मेटिंग मात्र सीएलएन-५ क्लिअर असल्याचा रिपोर्ट असलेल्या मादीशीच. आणि खरं विचाराल तर घरी पाळलेल्या कुत्र्याची मेटिंग करायचीच कशाला, पण ते माझं मत झालं, त्यांना ते माझ्या नावाने सांगा.

पिंपरीच्या गृहस्थांना फोन करू नका. बंड्याचा डीएनए रिपोर्ट आणि एक साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा: ती जोडी परत लावू नका, आणि या व आधीच्या वेतातली पिल्लं ज्यांना दिली त्यांना कळवा. पिल्लांच्या केनेल क्लबच्या कागदांवर आई-बापाचे नोंदणी क्रमांक असतील, ते पत्रात घाला.

आणि सुया टोचायची गरजच नाही. टायगरचा नमुना गालाच्या आतून स्वॅबने घेता येतो, वन्सं घरीच घेऊ शकतात. त्याआधी अर्धा-पाऊण तास त्याला खायला देऊ नका, दुसऱ्या कुत्र्याशी तोंडाला तोंड लावू देऊ नका, स्वॅब गाल आणि हिरडीच्या मध्ये चांगला घोळवा, वाळू द्या आणि मगच पाकिटात घाला. ओला कोंबला तर बुरशी येते आणि लॅब परत मागवते.